पंखातले अकरा रिव्हेट

ही वही कोणी उघडलीच तर आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला चौथीत असतानाही कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वही मुलीची आहे. तिची मागची निम्मी पानं कोरी होती, रद्दीत घालणार होती, मी ठेवून घेतली. दुपारी हात कोरडे झाले की बसते. उजवा खांदा दुखतो, त्यामुळे एका वेळी पान-दीड पानच होतं. तो खांदा का दुखतो तेच लिहायचं आहे.

मी ज्यांच्याकडे काम करायची ते साहेब घरी विमान बांधत होते. खेळण्यातलं नाही, दोन माणसं बसून उडतील असं. गंगापूर रोडला त्यांचा बंगला होता. मोटार बाहेर उन्हापावसात उभी असायची आणि मोटारीच्या जागेत विमान. साहेबांचा सगळा जन्म विमानांच्या नोकरीत गेला होता, रिटायर झाल्यावरही त्यांना चैन पडेना. मी घरी सांगितलं तेव्हा सासू म्हणाली, "इमान? घरात? मग ते भाईर कसं काढनार, भिंत पाडून?" हा प्रश्न मी पुढे साहेबांना विचारला नाही, पण बरीच वर्षं माझ्याही मनात होता. उत्तर सोपं होतं. पंख वेगळे, धड वेगळं, शेवटी जोडायचं.

शहाण्णव साली दोन लांब लाकडी पेट्या टेम्पोतून आल्या. अमेरिकेहून बोटीनं मुंबईला, तिथून नाशिकला. आत निळं प्लास्टिक चिकटवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, पत्र्याच्या फासळ्या, आणि कागदी पुड्यांतून हजारो रिव्हेट. रिव्हेट म्हणजे काय ते मी पहिल्यांदा पाहिलं. दिसायला अगदी लवंग. एका टोकाला बोंड, मग बारीक दांडी. दोन पत्र्यांच्या भोकातून दांडी घालायची, बाहेरून बोंडावर हवेच्या हातोड्यानं ठोकायचं आणि आतून दांडीच्या टोकाला लोखंडी ठोकळा धरायचा. ठोकलं की आतलं टोक दबून बटणासारखं चपटं होतं आणि पत्रे एकमेकांना कायमचे धरतात. असे हजारो. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसती ही बटणं.

म्हणजे या कामाला दोन माणसं लागतात, एक बाहेर, एक आत. आत कोण धरणार? साहेबांची बायको, त्यांना मी बाई म्हणायची, त्यांनी दोन दिवस धरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठोकळा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "माझा हात तुमच्या फासळ्यांत जात नाही आणि गेला तर निघत नाही. लग्नाच्या वेळी बघून घ्यायचं होतं."

त्याच आठवड्यात मी मागच्या अंगणात लोणच्याची बरणी धूत होते. तोंड अरुंद होतं, पण माझा हात मुळातच बारीक, मी कोपरापर्यंत आत घालून फिरवत होते. साहेब येऊन उभे राहिले. म्हणाले, "हात दाखव." मला वाटलं काही चोरीबिरी झाली. मी घाबरून दोन्ही हात पुढे केले. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून दुपारी दोन तास. वेगळे तीनशे देईन."

भांडी, झाडू आणि पोळ्या यांचे मला पाचशे मिळायचे. तीनशे म्हणजे थोडे नव्हते. माझा नवरा पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांचा टेम्पो चालवायचा. सीझनला पैसे यायचे आणि सीझन संपला की घरात बसायचा. मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.

मला बोलता येत नाही असं नाही. पण परक्या माणसापुढे माझा आवाज घशातच राहतो. लहानपणी चांदवडला मास्तर पाढे म्हणायला उभं करायचे आणि मी पुटपुटायची, तेव्हा वर्ग हसायचा. आणि साहेबांना ऐकू कमी यायचं. विमानांच्या आवाजात कान गेलेले. त्यांनी विचारायचं, मी हळू सांगायचं, त्यांनी "काय?" म्हणायचं, मी आणखी हळू सांगायचं. बाई म्हणाल्या, "एक बहिरा, एक मुकी. विमान सरळ जाईल बरं का!"

म्हणून साहेबांनी टकटकीची पद्धत शिकवली. त्यांच्या नोकरीतही तशीच होती म्हणे. एकेक रिव्हेट ठोकून झाला की मी आतून बोट फिरवून बघायचं. नीट बसला असेल तर ठोकळ्यानं पत्र्यावर एकदा टक. अजून ठोकायला हवा असेल तर दोनदा. आणि बिघडला, वाकडा झाला, तर तीनदा. साहेब डावा हात पत्र्यावर ठेवून उभे राहायचे. त्यांना टकटक ऐकू येत नसे, तळहाताला कळायची. तीन झाल्या की ते थांबायचे, तो रिव्हेट ड्रिलनं जपून काढायचे आणि नवा घालायचे. एक काढायला पंधरा-वीस मिनिटं जायची.

हे काम मला जमलं. दुसरं कुठलंच काम मला एवढं जमलं नसेल. चपटं बटण किती रुंद, किती उंच हवं, ते मोजायला साहेबांकडे एक पत्र्याची पट्टी होती. महिनाभरानं मला पट्टी लागेनाशी झाली. पोळीची लाटी हाताला कळते तसं कळायचं. साहेब मला इन्स्पेक्टरीणबाई म्हणू लागले. "काय इन्स्पेक्टरीणबाई, चहा झाला का?" मला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

एकच अडचण होती, बांगड्या. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, पत्र्याला चरे पडतील, काढून ठेव. दुसऱ्या दिवशी साहेबांचा जुना मोजा बाईंकडून मागून घेतला, पुढचा भाग कापला आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढवला. बांगड्या मोज्याखाली. रुंद जागी ते चाललं, पण जिथे हात फार आत न्यायचा तिथे अडायचं. मग मी साबण लावून काचेच्या बांगड्या काढायची आणि बाईंच्या ओट्यावर एका वाटीत ठेवायची. घरी जाताना परत घालायची. सासूला हे कधी सांगितलं नाही. लग्न झालेल्या बाईनं रोज दुपारी दोन तास हात उघडे ठेवायचे, हे तिला कसं सांगणार?

असं अडीच वर्षं चाललं. शेपूट झाली, एक पंख झाला. वाचणाऱ्याला वाटेल गंमत आहे. गंमत पहिले सहा महिने होती. नंतर तो ठोकळा होता आणि मी होते. सकाळी दोन घरची भांडी, मग बाईंकडच्या पोळ्या, मग खांद्यापर्यंत हात पंखात घालून दोन तास एका अंगावर कलून उभं राहायचं. हातोडा चालला की दात हलायचे. साडेपाचला आमच्या नळाला पाणी यायचं ते पाऊण तास. त्याआधी घरी पोचायचं. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, थंडीत हात आखडायचा. संध्याकाळी वेणी घालायला हात वर जात नसे, मुलगी घालून द्यायची.

नव्व्याण्णवच्या मार्चात नवऱ्याचा टेम्पो हायवेवर उलटला. कमरेचं हाड आणि पाय. सरकारी दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं, पहिले चार दिवस तर डॉक्टर काही सांगायलाच तयार नव्हते. त्याच दिवसांत सासू मला धरून कासाराकडे घेऊन गेली. हिरव्या बांगड्या, दोन्ही हातांत डझन डझन, आणि मुद्दाम लहान मापाच्या. चढवताना हाताची कातडी सोलली. सासू म्हणाली, "त्यो घरी येईस्तोवर ह्या हातातनं हलायच्या नायत. ऐकलंस?" कासारीणसुद्धा माझ्याकडे न बघता चढवत होती. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणतही नाहीत, वाढली म्हणतात. नवरा दवाखान्यात असताना आपल्या हातानं बांगडी काढायची, ती निघत नाही म्हणून फोडायची, हे कुठल्या बाईला जमेल? मला जमलं नसतं.

त्या दिवसांत बाईंनी दवाखान्यात रोज डबा पाठवला. वरण, भात, दोन भाज्या. आणि साहेबांचा दुसरा पंख उघडा पडला होता. विमान तपासणारे सरकारी अधिकारी ठरलेल्या दिवशी येणार होते, त्याआधी खालचा पत्रा बसवून बंद करायला हवा होता. साहेबांनी मला बोलावलं नाही. पण मीच गेले. ज्या घरचं जेवण माझा नवरा जेवत होता, त्या घरचं काम अडलेलं मला बघवेना.

मोजा चढवला. हिरव्या बांगड्यांवर तो फुगला. तिसऱ्या फासळीच्या पलीकडे, मागच्या कोपऱ्यात अकरा रिव्हेट होते. जागा इतकी अरुंद की मनगट वळवूनच ठोकळा सपाट बसायचा. मनगट वळेना. बांगड्या फासळीला अडत होत्या. मी जोर लावला तर आत काच कुरकुरली, आणि मी तिथेच थांबले. ठोकळा तिरका धरला आणि साहेबांनी ठोकलं.

बोट फिरवलं. बटण झालंच नव्हतं. दांडी एका बाजूला लवली होती.

तीनदा टक करायला हवं होतं. केलं असतं तर साहेब थांबले असते, म्हणाले असते, "काय झालं? बांगड्या काढ." मग मला सांगावं लागलं असतं. आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, ओरडून, की माझा नवरा मरेल म्हणून मी बांगड्या काढत नाही. हे वाक्य माझ्या तोंडून मोठ्यानं निघणार नव्हतं. मी एकदा टक केलं.

एक खोटी टक मारल्यावर दुसरी सोपी जाते. अकराच्या अकरा तशाच. शेवटच्या दोन रिव्हेटना तर मी बोट लावून पाहिलंही नाही. पाण्याची वेळ झाली होती, त्यानंतर दवाखान्यात जायचं होतं. साहेबांनी पंखावर थाप मारली. "शाबास इन्स्पेक्टरीणबाई! आज एकही बिघडला नाही."

दोन दिवसांत तो पंख पूर्ण बंद झाला. तपासणारे आले. बॅटरी, लांब दांडीचा आरसा, सगळं घालून पाहिलं. त्या कोपऱ्यात आरसा वळत नव्हता. साहेबांनी सांगितलं, आतून प्रत्येक रिव्हेट हातानं तपासलेला आहे. कोणी तपासला तेही सांगितलं. तो अधिकारी माझ्याकडे बघून हसला आणि कागदावर सही केली.

नवरा घरी आला. डावा पाय आखूड झाला, पण आला. सासूनं देवीची ओटी भरली. हिरव्या बांगड्या कपडे धुताना एक एक करत गेल्या. घरात सगळ्यांना वाटत होतं संकट टळलं, आणि मला मात्र रोज दुपारी तो पंख दिसायचा, भिंतीला उभा करून ठेवलेला. झाडू मारताना मी त्या जागेवर हात फिरवायची. बाहेरून सगळी बोंडं एका रांगेत, गुळगुळीत. अकरा कुठले ते मलाच माहीत. मी स्वतःला सांगायची, हजारोंतले अकरा. काय होणार? मग वाटायचं, काहीच होणार नसेल तर साहेब एकेका रिव्हेटसाठी वीस वीस मिनिटं का घालवतात?

दिवाळीपर्यंत मी तशीच राहिले. आठ महिने. जेवण जात नव्हतं. नवरा म्हणायचा, "पाय माझा मोडला न् वाळतेस तू."

दिवाळीच्या आधी बाई आणि मी चकल्या करत होतो. त्या सोऱ्या फिरवत होत्या, मी तळत होते. बाईंना विमान कधीच आवडलं नव्हतं. माझी सवत आहे ती, म्हणायच्या. त्या दिवशी मात्र हसून म्हणाल्या, "ठरलं बाई. पहिल्यांदा उडेल तेव्हा शेजारच्या सीटवर मीच बसणार. मुलगा अमेरिकेत, इथे मागे राहून करू काय? पडलो तर दोघं एकदम."

कढईतल्या चकल्या काळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "अगं, लक्ष कुठंय?" मी झारा खाली ठेवला आणि बाहेर गेले.

साहेब त्याच पंखाच्या टोकाला काहीतरी घासत होते. डावा हात पत्र्यावर होता, सवयीनं. मी तिसऱ्या फासळीपाशी जाऊन उभी राहिले. बोटाच्या पेरानं पत्र्यावर तीनदा टकटक केलं.

ते म्हणाले, "काय गं?"

मी पुन्हा तीनदा केलं.

त्यांचा हात थांबला. "कुठे?"

मी त्या रांगेवरून बोट ओढलं.

"किती?"

मी दोन्ही हातांची बोटं पसरली, मग मिटली, मग एक वर केलं.

साहेब स्टुलावर बसले. पंखाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "कधीचे?" मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. "मोठ्यानं बोल." मी पुन्हा सांगितलं. "मोठ्यानं!" मग मी ओरडले. त्या घरात पहिल्यांदा. "मार्चात! हे दवाखान्यात होते तेव्हा! बांगड्या काढता येत नव्हत्या!"

बाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. साहेब म्हणत होते, "बांगड्या? बांगड्यांसाठी? अगं, तुझ्या एका टकटकीवर मी सही करतो! बांगड्यांसाठी?"

बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं ते. जाऊ द्या." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण मला सांगायचं होतंस. मी रोज डबा भरत होते तुझ्यासमोर. मला तर सांगायचं होतंस."

साहेबांचं ओरडणं मी विसरले, हे विसरले नाही.

दिवाळी झाल्यावर साहेबांनी पंख उघडला. त्या अकरांपर्यंत पोचायला शेकडो चांगले रिव्हेट काढावे लागले. मी समोर उभी राहून एकेक डबीत टाकत होते. पत्रा सोडवताना काही भोकं लांबट झाली आणि मधेच पत्र्याला वाक आला. आत अकरा रिव्हेट जसे मी सोडले होते तसेच होते, वाऱ्यानं आडव्या झालेल्या पिकासारखे एका बाजूला पडलेले. साहेबांनी ते बोटानं चाचपले. मी धीर करून विचारलं, "पडलं असतं का?" ओठांवरून त्यांना कळलं असावं. म्हणाले, "कदाचित नसतं पडलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "कदाचित."

पत्रा नवा मागवावा लागला. पत्रा, बोट, जकात, मुंबईहून टेम्पो, सगळं मिळून बारा हजार चारशे. हा आकडा मला कोणी सांगितला नाही, टेबलावरच्या कागदावर वाचला. चौथीपर्यंतचे आकडे मला येतात.

पुढच्या पगारातले दोनशे मी ओट्यावर मसाल्याच्या डब्याखाली ठेवले. बाईंनी ते दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत परत टाकले. मी पुन्हा ठेवले. "डोकं फिरलंय का तुझं? आम्ही मागितले का?" म्हणाल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवले, पुन्हा परत आले. तिसऱ्या महिन्यात मी सहाशे ठेवले, मागचे धरून. बाईंनी आधी नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घेतले नाहीत तर ही काम सोडून जाईल, हे त्यांना कळलं असणार. पैसे उचलून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

घरी नवरा चिडला. "एवढ्यात माझ्या टेम्पोला आख्खी बॉडी बसली असती! इमानाचा पत्रा काय सोन्याचा अस्तो? आन् त्यांनी मागितले नाय तर तू कशाला देतीस?" त्याला कसं सांगणार? तोंडानं नीट माफी मागता आली असती तर एका दिवसात भागलं असतं. मला ते जमेना, म्हणून वर्षं लागली.

नवा पत्रा पुढच्या पावसाळ्यात आला. मला वाटलं होतं साहेब आता दुसऱ्या कोणाला तरी बोलावतील. पण एवढ्या बारीक हाताचं कोण मिळणार? त्यांनी स्वतः येऊन ठोकळा माझ्या हातात दिला.

आदल्या दिवशी मी सासूला सांगितलं होतं, "कामावर हात मोकळे लागतात. बांगड्या काढून ठेवते, येताना घालते." वाटलं होतं घर डोक्यावर घेईल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रोज सांजच्याला तुझ्या हातांना साबनाचा वास येतो. मला काय नाक नाय व्हय? वाटीत ठेवत जा, भुईला ठेवू नको." एवढंच. म्हणजे तिला सगळं आधीपासून माहीत होतं. मग त्या मार्चात तिला विचारलं असतं तर? तेव्हा तिनंही ऐकलं नसतं. तेव्हा तीही घाबरलेली होती.

उघड्या हातांनी काम सुरू झालं. मी एकदा टक करायची आणि साहेब हातोडा खाली घेऊन विचारायचे, "नक्की?" मी पुन्हा बोट फिरवायची, पुन्हा टक करायची. प्रत्येक रिव्हेटला. शेकडो रिव्हेट, शेकडो वेळा नक्की. कंटाळून जीव जायचा, पण तोंड वर करायची सोय नव्हती. इन्स्पेक्टरीणबाई म्हणणं त्यांनी सोडलंच होतं. दोन महिने असे गेले. मग एका दुपारी, कोपऱ्यातल्या त्या रांगेत सहावा की सातवा रिव्हेट असेल, मी टक केली आणि साहेबांनी सरळ पुढचा घातला. मी आत हात घालून तशीच थांबले. ते म्हणाले, "धर की." मी धरलं.

विमान उडायला त्यानंतर तीन वर्षं लागली. इंजिन, समोरचे काटे, दिल्लीहून परवान्याचे कागद. माझं काम केव्हाच संपलं होतं, पण खांदा राहिला. एका थंडीत ट्रक आला, पंख गाद्यांत गुंडाळून वर चढवले आणि कुठल्याशा लांबच्या धावपट्टीवर नेले. साहेब पहिल्यांदा एकटेच उडणार होते, तसा नियम होता म्हणे, आणि बाईंना नंतर नेणार होते. बाई मलाही चल म्हणाल्या. मी नको म्हटलं. मग म्हणाल्या, निदान घरी फोनपाशी बस.

मी दोन दिवस त्या बंगल्यात फोनपाशी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी वाजला. बाई होत्या. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणाल्या, "बसले गं मीसुद्धा. उतरलो. दोघंही उतरलो." मला फोनवर बोलता येत नाही. मी "हं" म्हटलं. बाई म्हणाल्या, "ऐकू येतंय का तुला?" मी पुन्हा "हं" म्हटलं. फोन ठेवल्यावर तिथेच फरशीवर बसले. गॅसवर माझ्यासाठी चहा ठेवला होता, तो उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला तेव्हा उठले.

आनंद झाला का, असं कोणी विचारलं तर काय सांगू? पाठीवरचं ओझं उतरवल्यावर काही वेळ पाठ तशीच वाकलेली राहते. मला त्या दिवशी फक्त झोपावंसं वाटलं.

पैसे अजून बाकी होते. विमान उडालं म्हणून पत्रा फुकटचा झाला नव्हता. नवऱ्याला टेम्पो झेपेना, तो एका गोदामावर वॉचमन लागला. मुलीची दहावी आली, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही महिने दोनशेच्या जागी शंभर, कधी दीडशे ठेवले, काही महिने काहीच नाही, आणि एका दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा पाचशे. बाई कॅलेंडर बदलायच्या तेव्हा जुन्यावरचा आकडा नव्यावर उतरवून घ्यायच्या. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात एका सकाळी मी डब्याखाली दोनशे ठेवले. बाईंनी नोटा उचलल्या, कॅलेंडरपाशी गेल्या, चष्मा लावला, आणि बराच वेळ आकडे पाहत राहिल्या. मग मला हाक मारली. "हे बघ. दीडशेच राहिले होते."

त्यांनी कपाटातून पन्नासची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती परत दिली नाही. साहेब जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत होते. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि कानाशी ओरडून सांगितलं, "हिचे फिटले! बारा हजार चारशे! पूर्ण!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "इन्स्पेक्टरीणबाई, चहा झाला का?"

मी म्हटलं, "ठेवते." बाईंनी कॅलेंडरवरचा आकडा खोडला. मी पन्नासची नोट कमरेला खोचली आणि चहाचं आधण ठेवलं.